चिखलाचे बूट

आई,

मी डोंगरावर चाललेय, एकटीच. वरून अख्खं शहर दिसतं तिथवर जाऊन येते. तुमच्या लेकाचेच बूट घातलेत. टोकाला कापूस कोंबलाय, तेव्हा पडणार नाही.

काल ते लख्ख धुतलेले पाहिले आणि मी तोंडाला येईल ते बोलले. तो गेला त्याच्या आदल्या रविवारचा चिखल होता हो त्यांवर. पण डोंगरावरून तो आला की बूट तुम्हीच धुवायचात. हात सवयीनेच गेला असणार.

गोळी बशीत काढलीय, आधी दोन घास खा.

संध्याकाळी बूट चिखलाने माखून आणते. दार वाजलं की त्याच्यावर ओरडायचात तसंच ओरडा, "तिथेच थांब, चिखल घरात नको!"

तुम्ही ओरडेपर्यंत मी आत येणार नाही.

सूनबाई