बोधचिन्हावरचं जनावर

ती. आई,

तुला लांबूनच नमस्कार. मी बरी आहे, खोली उबदार आहे, जेवणाची आबाळ नाही.

पशुशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेच्या सभेत मी शेळ्यांच्या गोठ्यांबद्दल बोलणार होते ना? सरकारच्या नव्या नियमांप्रमाणे बांधलेल्या गोठ्यात करडं गारठून मरतायत. ते संस्थेनं सरकारला ठणकावून सांगावं, एवढंच मागणं होतं.

पण सकाळपासून वाद रंगला तो संस्थेच्या बोधचिन्हावर! गायवाल्यांना गाय हवी, कोंबडीवाले हटून बसले, डुकरांवर काम करणारे तर रुसून बाहेरच गेले. माझी पाळी आली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "तुमचं पुढच्या वर्षी बघू." अंगाचा नुसता तिळपापड झाला. करडं थांबणार आहेत का पुढच्या वर्षापर्यंत?

शेवटी तोडगा काय, तर कुणाचंच जनावर नको. नुसतं एक वर्तुळ!

आपली ठेंगणी शेळी अजून खोकते का? तिच्याखाली कोरडं गवत घाल. तुझे गुडघे कसे आहेत?

बाबांना सांग, पोर व्यासपीठावर गेली होती. खोटं नाही ते. सगळ्यांच्या फोटोसाठी बोलावलं होतं. पुठ्ठ्यावर काढलेलं ते रिकामं वर्तुळ माझ्याच हातात दिलं होतं.

तुझी,
धाकटी