तांबड्या रश्श्याचा वास

रविवार, संध्याकाळ

बिद्रीहून नणंद आली म्हणून मटण केलं. आबांना अल्सर आहे, डॉक्टरांनी माझ्या या सासऱ्यांना फक्त पेज आणि मऊ भात सांगितलाय, हे माहीत असून केलं.

परवाच नववीच्या वर्गात शिकवलं मी. घास पोटात पडायच्या आधी, नुसत्या वासानंही जठरातल्या ग्रंथी आम्ल सोडायला लागतात. त्यात अन्न विरघळायला लागतं, पुढचं काम लहान आतड्यातल्या ग्रंथींचा रस करतो. पण अन्न आलंच नाही तर? ते आम्ल जखमेवरच ना?

रश्श्याचा वास थेट आबांच्या खोलीत. पेज घेऊन मी गेले, तर आबा पोटाशी उशी दाबून बसलेले. पेज ठेवून मी दार लोटायला गेले. शहाणपण सुचलं, तेही बाकीच्यांची पंगत उठल्यावर!

"दार कशाला लावाय लागलीस?" आबा म्हणाले. "वास तरी येऊ दे की, पोरी."

उघडंच ठेवलं. हेही चुकलं का? डोळे मिटून ते पेजेचा एकेक घोट घेत राहिले, रस्साच पीत असल्यासारखे.

माझ्या वाटणीचा रस्सा ओट्यावर तसाच आहे.