गाडीला जरा दम खाऊ द्या

मॅडम, परवा मी गाडीला नवी बॅटरी बसवून घेतली. तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं, की इतके दिवस का थांबलीस. त्याचं खरं उत्तर मी अजून कुणाला दिलेलं नाही. तुम्हाला देते, कारण हा प्रश्न विचारायचा हक्क तुमचाच आहे आणि मलाही तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. आज रविवार. बुऱ्हानपुरात, राजपुऱ्याला, तुमच्या जुन्या गल्लीपासून जवळच, भाड्याच्या खोलीत बसून लिहिते आहे. खाली गाडी उभी आहे. ती माझी नाही, भावाची आहे. तो सुरतेला कामाला गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. मी आता जैनाबादच्या पुढच्या एका गावात अतिथी शिक्षिका आहे. अकरावी-बारावीला गणित शिकवते. घरातली पहिली पदवीवाली म्हणून आई अजूनही माझी ओळख करून देते, आणि मग थांबून म्हणते, मॅडममुळे. त्या मॅडम म्हणजे तुम्ही.

तुमची पांढरी गाडी आठवते. फोपनारच्या शाळेत तुम्ही रोज शहरातून यायचात. शाळा सुटली की तुम्ही किल्ली फिरवायच्या आधीच आम्ही पोरी फाटकाशी उभ्या राहायचो, कारण पुढे काय होणार ते आम्हाला ठाऊक असायचं. आतून नुसतं कट कट कट. मग तुम्ही उतरता, पदर खोचता, बॉनेटवर हात ठेवून एखाद्या थकलेल्या बैलाकडे पाहावं तसं गाडीकडे पाहता आणि म्हणता, "बॅटरी उतरली गं. गाडीला जरा दम खाऊ द्या. तोवर एक गणित होईल." एक कधीच नसायचं. मागच्या काचेवर धूळ साचलेली असायची, तीच आमची पाटी. समीकरण बोटाने लिहायचं, चुकलं तर तळहाताने पुसायचं. थंडीत उन्हाने तापलेल्या बॉनेटवर वह्या ठेवायला भांडणं व्हायची. मग ऊन उतरायला लागलं की तुम्ही आत बसायच्या, दुसऱ्या गिअरमध्ये टाकायच्या, आणि आम्ही ओरडत ढकलायचो. उतार लागला की गाडी एक हिसका देऊन सुरू व्हायची, आमच्या तोंडावर धूर सोडायची, आणि तुमचा हात खिडकीतून बाहेर यायचा. मागे वळून तुम्ही कधी पाहिलं नाही.

शिकवणीला थांबते असं मी घरी म्हटलं असतं तर बाबांनी सरळ नाही म्हटलं असतं. शाळा सुटली की पोरीने घरी यायचं, हा आमच्याकडचा नियम होता. पण गावात शिकवायला आलेली बाई रस्त्यात अडकली आणि आमची पोर तिला तशीच टाकून घरी आली, हे त्यांना त्याहून खालचं वाटायचं. दिवसभर बागेत केळीचे घड वाहून आलेला माणूस, पण मी लवकर घरी दिसले की विचारायचे, "मॅडमची गाडी लागली का? नाही? मग तू काय करून राहिली इथं?" दोन वर्षं ती बॅटरी उतरत राहिली, मॅडम. दोन वर्षांत आमच्यापैकी कुणालाही, तुमच्यासकट, ती बदलावीशी वाटली नाही.

आणि याच दोन वर्षांत तुम्ही मला खोटं बोलल्याबद्दल रागावलात. मामाकडच्या लग्नातून परत यायला दोन दिवस जास्त लागले, आणि मी शाळेत सांगितलं, आई आजारी होती. त्याच संध्याकाळी तुम्ही आईला भेटायला घरी आलात. आई चुलीपाशी बसून भाकरी थापते आहे, चांगली ठणठणीत, तुम्हाला पाहून तिची धांदल उडाली आहे, आणि मी दाराच्या चौकटीला चिकटून उभी आहे. तुम्ही पाटावर बसलात, भाकरीचा तुकडा ठेच्याशी खाल्लात, भाकरी छान फुगली म्हणालात. आजाराचं अवाक्षर काढलं नाहीत. गाडीपर्यंत मी सोडायला आले तेव्हा म्हणालात, "कुणाला आजारी पाडायचंच असेल तर स्वतःला पाड. आईला नको." एवढंच. त्या दिवशी गाडी ढकलायला मी एकटीच होते. तुम्ही किल्ली फिरवलीत, आणि ती पहिल्याच झटक्याला लागली. मला वाटलं, तिचं बिचारीचं नशीब चांगलं आहे आज.

नशीब नव्हतं, ते मला पुढे एका रविवारी कळलं. बाबांबरोबर बाजाराला आले होते. राजपुऱ्याच्या वेशीजवळ तुम्ही पिशव्या मागे ठेवल्यात, आत बसलात, आणि गाडी एका किल्लीत सुरू होऊन निघून गेली. मी बाबांकडे पाहिलं. ते भावासाठी चपला बघत होते. मी स्वतःची समजूत घातली, नवी बॅटरी घेतली असेल, आता शाळेनंतरचं संपलं. रात्री नीट जेवलेही नाही. सोमवारी शाळा सुटली, तुम्ही आत बसलात, आणि गाडी लागली नाही. त्या दिवशी मी सगळ्यांपेक्षा जोरात ढकललं. तुम्हाला काही विचारलं नाही. तुमच्या डोळ्यांकडेही पाहिलं नाही. मला विचारायचंय ते हेच: गाडी तुम्ही कशी बंद पाडायचात हे नाही, तर रोज आमच्या बाबांसमोरून जाताना तुम्हाला कसं वाटायचं ते. विचारायला वेळ होता. मी कॉलेजात होते, तुम्ही आजारी आहात हे मला कळलं होतं, आणि परीक्षा झाली की जाऊ म्हणत राहिले. परीक्षा झाली तोवर तुम्ही नव्हता.

मी शिक्षिका झाले तेव्हा ठरवलं होतं की असली युक्ती करायची नाही. पालकांशी सरळ बोलायचं. जुलैत मी गावात घरोघरी गेले. शाळेनंतर एक तास मुलींना थांबू द्या, मी काही घेणार नाही, सोबत राहीन, त्यांना घराच्या गल्लीपर्यंत सोडीन. सगळ्यांनी चहा दिला. सगळे नाही म्हणाले. एक आजोबा तर हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकल्या ना, बस झालं. गावात एक पुरे." माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्या आईकडे मी दोनदा गेले. ही मुलगी प्रमेयाची शेवटची ओळ लिहून झाली की पेन्सिल खाली ठेवते आणि थोडा वेळ त्या ओळीकडेच बघत राहते. तिला बारावीनंतर बुऱ्हानपुरात बी.एस्सी.ला जायचं आहे, आणि त्यासाठी गणितात चांगले गुण हवेत, नाहीतर घरात कुणी ऐकून घेणार नाही. आई म्हणाली, "मला समजतं मॅडम. पण तिचे काका ऐकणार नाहीत. कशासाठी थांबली म्हणून विचारतील, मी काय सांगू?"

मग डिसेंबरात माझी बॅटरी खरोखरच उतरायला लागली. मी काहीच केलं नव्हतं. थंडीने सेल्फ जड झाला, हेडलाइट पिवळे पडले, आणि एका संध्याकाळी शाळेच्या फाटकाबाहेर कट कट कट. तोच आवाज. मुली धावत आल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडीला जरा दम खाऊ द्या." त्या संध्याकाळी आम्ही बॉनेटवर दोन गणितं सोडवली, आणि कुणाच्याही घरून कुणी शोधत आलं नाही.

आठवड्याभराने मी बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने मीटरचे चिमटे लावले, मला किल्ली फिरवायला सांगितली, काटा खाली पडताना दाखवला. "मॅडम, ये तो गई. आज चालली, उद्या चालेल, परवा बीच रस्त्यात बंद." मग त्याने आतून तीन नव्या आणून समोर ठेवल्या. मी खूप नीट निवडली. गाडी रोज किती चालते ते सांगितलं, तारा पोचतील अशी उजव्या टोकाची घेतली, कधी बनली तो शिक्का पाहिला, कारण दुकानात पडून राहिलेली घ्यायची नाही एवढं मला माहीत होतं. तो पाना घेऊन बाहेर आला तेव्हा म्हणाले, "नको, मी घरी लावून घेईन."

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे. फुकटात लावून देतो."

"भाऊ लावेल." भाऊ सुरतेला होता.

"आणि जुनी? जुनी दिल्यावर कमी होतील ना."

"जुनी नंतर आणते."

त्याने पाना खाली ठेवला. "मॅडम, बॅटरी लोणचं नाही, मुरवायला ठेवायची. पडून पडून उतरते."

मी ती घरी आणून ओट्याखाली पाटावर ठेवली आणि तिच्यावर कापड टाकलं. भांडी घासताना पायाला लागायची. महिनाभर ती तिथे होती, आणि महिनाभर मुली माझी गाडी ढकलत होत्या. कुणी विचारलं की मी म्हणायचे, बघते, या रविवारी बदलते. एका मुलीचे वडील ट्रॅक्टरला दोर बांधून घेऊन आले, मॅडमला ओढून देतो म्हणाले. मी त्यांना सांगितलं, राहू द्या दादा, पोरी आहेत ना. ते म्हणाले, "पोरी आहेत म्हणूनच म्हणतो, त्यांच्याने काय ओढलं जातं." मला वाटायचं, मी आईला नाही, गाडीला आजारी पाडलंय, त्यात कुणाचं काही जात नाही.

गुरुवारी मात्र कुणाचं तरी गेलं. गाडी नेहमीपेक्षा लवकर लागली, हिसका देऊन पुढे गेली, आणि मी आरशात पाहिलं तर मागे एक मुलगी कमी होती. तीच, प्रमेयाकडे बघत राहणारी. तोंडावर पडली होती, उजवा हात अंगाखाली. मी तिला त्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सगळ्या वाटेत ती मला सांगत होती, "मॅडम, बंद नका करू, बंद नका करू, परत लागणार नाही." मनगटाला बारीक चीर गेली आहे. प्लास्टर घातलं. परीक्षेआधी निघेल, पण बोटं लगेच वळतील का ते डॉक्टर सांगू शकले नाहीत. घरी पोचवली तेव्हा तिची आई दारात उभी होती. हाताकडे पाहिलं, पोरीला आत नेऊन बसवलं, मग बाहेर येऊन मला म्हणाली, "तुमचा किती खोळंबा झाला मॅडम. गाडी नीट लागली ना पण?" मॅडम, तिने माझी माफी मागितली. मी मान हलवली आणि निघाले. घरी आले तेव्हा ओट्याखाली कापड होतं तिथेच होतं.

शुक्रवारी मी बॅटरी घेऊन दुकानात गेले आणि बसवून घेतली. जुनी काढून बाजूला ठेवताना दुकानदार म्हणाला, "मिळाली एकदाची सुट्टी हिला." किल्ली फिरवली, आणि ती अर्ध्या झटक्यात लागली. मला रडू आलं, आणि बरंही वाटलं. ठरवलं, शनिवारी शाळा सुटली की तिच्या घरी जायचं आणि सांगायचं. बॅटरी महिनाभर माझ्या घरात होती. मी मुद्दाम बसवली नाही. तुमच्या मुलीचा हात माझ्यामुळे मोडला. तीन वाक्यं. जाताना गाडीत मी ती मोठ्याने म्हणून पाहिली.

काल मी त्यांच्या दारापुढच्या ओट्यावर बसले. चहा आला. मुलगी डाव्या हाताने वहीत वर्तुळं काढून दाखवत होती, वर्तुळं कमी आणि बटाटे जास्त. आईने ते पाहिलं आणि हसली. मी कप खाली ठेवला, म्हटलं, "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." तेव्हाच ती म्हणाली, "आधी माझं ऐका. मी तिच्या काकांना सांगितलं, हाताने ढकलता येत नाही तर काय झालं, पोरगी तिथं उभी तरी राहील. तिच्या मैत्रिणी ढकलतील, ती वही धरेल. मॅडमला एकटं सोडायचं नाही." मग आवाज खाली आणून, "ते हो म्हणाले."

आता बोलायचं होतं, मॅडम. मी बोलले नाही. म्हटलं, उशीर होतो, निघते.

ती मला सोडायला बाहेर आली. मी गाडीत बसले. तेवढ्यात तिने शेजारच्या दोघींना हाक मारली, "ए या गं, मॅडमची गाडी लागायची नाही." आणि स्वतः पदर खोचून मागे गेली. माझ्या म्हशीपेक्षा हट्टी आहे ही, असं काहीतरी म्हणाली आणि त्या हसल्या. मी आरशात पाहिलं. तिचे दोन्ही हात काचेवर होते, त्याच धुळीत जिथे तिच्या मुलीचं गुरुवारचं समीकरण अजून अर्धं दिसत होतं. किल्ली माझ्या हातात होती. ओट्यावर ती मुलगी प्लास्टर मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती, मी तुमच्याकडे बघायचं टाळलं होतं तसं नाही, सरळ बघत होती.

मला वाटतं, तुम्हाला कसं वाटायचं ते मला थोडंसं कळलं. तुम्ही मागे का पाहायच्या नाहीत, तेही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. मी किल्ली पुरती फिरवली नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, क्लच दाबून धरला, आणि त्यांना ढकलू दिलं.