पायाच्या अंगठ्याची घंटी

सोलापूर, दि. ९ मार्च १९७७

तीर्थस्वरूप मल्लिकार्जुन दाजी यांस, मेहुणा रेवणप्पाचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी पाय आणि गुडघे सध्या डॉक्टरांच्या ताब्यात आहेत, तेव्हा उरलेल्या सहांवर गोड मानून घ्यावे.) तुमचा दमा कसा आहे? जगदेवीअक्काचे गुडघे? नातेपुत्यात ज्वारीची काढणी उरकली असेलच. इकडे मी उताणा असून सुखरूप आहे.

मी कसा पडलो, हे तुम्ही दोन आठवड्यांमागे सोमवारी दवाखान्यात विचारलेत, पण दानम्माने मला बोलूच दिले नाही. (नवरा पडला, पण हकिगत बायकोची.) तर त्या सकाळी अंघोळ करून मी परसातल्या बेलावर चढलो. खालची पानेही चांगली होती. पण देवाला वरची कोवळी द्यावीत असे मनात आले, आणि वर गेलो तर आणखी वरची दिसली. भक्तीतही हाव असते, हे मला खाली येताना वाटेत कळले. वाट फार लांब नव्हती. पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचे सारे मुके झाले. मुठीतली पाने मात्र शाबूत होती. तीच दानम्माने त्या दिवशी देवाला वाहिली.

आता डाव्या पायाचा अंगठा थोडा हलतो. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. मी धरतोच आहे, दुसरे काही धरता येत नाही. अशात तुम्ही आलात, करडईचे तेल कोमट केलेत आणि बाह्या सारून दोन तास माझे पाय चेपलेत. तुमच्या हाताला गुण आहे, हे सारा माळशिरस तालुका जाणतो. मला काहीच कळत नव्हते, तरी मी मधूनमधून "आहाहा" म्हणत होतो. एवढा वडीलधारा माणूस पायाशी बसलेला आणि आपण गप्प, हे बरे दिसत नाही.

तुम्ही एस.टी.ला गेलात आणि मथुरा सिस्टर टेप घेऊन आल्या. (त्या रोज माझ्या पोटऱ्यांचे माप घेतात. एवढ्या मापांत शिंप्याने दोन विजारी शिवल्या असत्या.) उजवी पोटरी दोन बोटे जाड भरली. डॉक्टरांनी सांगितले, हालचाल नसली की पायात रक्त साकळते. तशी गुठळी झाली आहे. ती तेलाने झालेली नाही, पण चेपताना सुटली आणि फुप्फुसात जाऊन बसली तर माणूस बसल्या जागी जातो. (मी निजल्या जागी.) सिस्टर दानम्मावर कडाडल्या, "तेल कोणी लावलं?" ती म्हणाली, "वडील माणूस हाय ओ, त्यांचा हात कसा धरायचा?"

मग रक्त पातळ करायची इंजेक्शने सुरू झाली. खरचटले तर रक्त थांबणार नाही म्हणून वस्तरा बंद. दाढी वाढली, त्यात मी डोळे मिटून जप करतो. परिणाम असा की दुसऱ्यांना भेटायला आलेले लोकही माझ्या पायांवर हात ठेवून जाऊ लागले. निम्मे जण जरा चेपूनही जात. मला पत्ताच नाही! शेवटी शेजारच्या खाटेवरच्या धनगर बिरप्पाने तोड काढली. "अण्णा, तुमाला कळत न्हाई, मंग मेंढराला बांधतो तशी घंटी बांधा की!" आता अंगठ्याला घंटी आहे. ती वाजली की सिस्टर धावत येतात. काल मात्र ती वाजताच चार म्हाताऱ्या आरतीसाठी उठून उभ्या राहिल्या.

अक्काला नमस्कार. बाकी क्षेम.

तुमचा,
रेवणप्पा

ता. क. – येत्या सोमवारी तुम्ही दुप्पट तेल घेऊन येणार, असे अक्काने कळवले आहे. तेल घरी द्यावे, शेंगाच्या चटणीला होईल. माझ्या पायांना लावू नये.

ता. क. दुसरे – ते "आहाहा" खोटे होते. क्षमा असावी.

ता. क. तिसरे – पण या जरूर. माझ्या हातांना सगळे कळते. चेपायचेच झाले तर हात चेपा, म्हणजे मला खरे बोलता येईल. वडील माणसाला नको म्हणणारे हे पत्र मी दोनदा लिहून उशीखाली ठेवले होते. आता मथुरा सिस्टर घरी निघाल्या आहेत आणि हात पुढे करून उशाशी उभ्या आहेत. टपालपेटी सात रस्त्याच्या चौकात आहे. तिथवर मागे धावत जाऊन मला ते परत मागता येणार नाही, आणि पडल्यापासून आज प्रथमच या गोष्टीचे बरे वाटते आहे. हे बघा, दिले.