मी काढलेली कडी

प्रिय ढब्बू,

मोठा सिनेमावाला झालास तरी मी तुला ढब्बूच म्हणणार. तुझा सिनेमा पाहिला. पाहिला म्हणजे, मधे एक डुलकी काढली. जागी झाले तर ती म्हातारी अजून तेच पातेलं घासत होती. वाटलं, उठावं आणि बाईला विसळून तरी द्यावं. तुझे दुधाचे दातसुद्धा एवढे सावकाश पडले नव्हते रे!

पण म्हातारी कोण ते ओळखलं. खोकते माझ्यासारखी, कुरकुरते माझ्यासारखी. तिचा लेक ट्रकखाली जातो, जसा तुझा बाप गेला. आणि तो ड्रायव्हर माझ्या दारात तडफडला तरी घोटभर पाणी देणार नाही, हे तर माझंच बोलणं. तेव्हा तू माझ्या मांडीवर होतास, मला वाटलं झोपलायस. सिनेमात शेवटी तो ड्रायव्हर दार वाजवत वाजवत मरतो आणि ती कडी काढत नाही, तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

कारण मी कडी काढली होती. गेल्या हिवाळ्यात तो खरा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला, तुरुंगातून कधीचाच सुटलेला. इतकी वर्षं शिव्या घोटून ठेवल्या होत्या. ऐन वेळी तोंडातून निघालं काय, तर पाय पूस. आत आला आणि गळका नळ दुरुस्त करत बसला. पुढच्या आठवड्यात परत आला. मग मीच खिडकीचे स्क्रू सैल करून ठेवायला लागले. ज्या हातांत तो ट्रक होता, त्या हातांनी केलेला चहा मला गोड लागतो. तुझ्या बापाच्या फोटोकडे पाठ करून पिते.

तू फोनवर विचारतोस, सोबतीला कोण असतं? मी सांगते, शेजारीण. थेटरात नेणारी ‘शेजारीण’ही तोच. शेवटपर्यंत बसून राहिला. दिवे लागल्यावर म्हणाला, मावशी, तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, गप, पायरी बघ.

तू रविवारी येतोयस. माझे गुडघे हे असे, दार तोच उघडेल. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून हे पत्र. तुला नको असेल तर त्याला येऊ नको म्हणेन. तुझ्याहून जवळचं मला कुणी नाही. हे ऐकून त्याचा पेन थांबलाय. लिही बाबा, म्हटलं, सांगते तसंच लिही. होय, अक्षर त्याचं आहे. खालचा अंगठा तेवढा माझा.

तुझीच,
फोटोकडे पाठ करून बसलेली
आजी