रहाटापलीकडचं पुस्तक

सोलापूर,
शुक्रवार, ८ जून १९३४

प्रिय पद्मजा,

तू गड्याबरोबर पाठवलेली आंब्यांची टोपली मी आल्या पावली परत पाठवली, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. वाटू दे. आई त्यावरून दिवसभर मला बोलते आहे. वकिलांच्या घरची भेट दारातून परत गेल्याचं आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. पण रविवारच्या समारंभानंतर तुझ्याकडून एक शब्द नाही, आणि मग एकदम आंबे. ते खाऊन मी गप्प बसेन असं तुला वाटलं असेल, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. तसं तुला वाटलंच असेल हे मला ठाऊक नाही. तुझ्यावर अन्याय होऊ नये म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते. कुठे चुकले तर दाखव.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयाच्या मागच्या पडवीत मुलांचा वाचनवर्ग भरवावा, ही कल्पना तुझी. मंडळाची परवानगी तू मिळवलीस. मिलच्या चाळींतून आणि मागांच्या गल्ल्यांतून मुलं गोळा केली मी, कारण तिथल्या बायका मला ओळखतात. ऊन चढायच्या आत वर्ग उरकायचा. मुलं फार, पुस्तकं थोडी, म्हणून एकेका पुस्तकाभोवती पाच-सहा डोकी. त्यात मायाक्का नेहमी पुस्तकाच्या पलीकडे बसायची आणि अलीकडच्या मुलांच्या आधी ओळ संपवायची. हे पहिल्यांदा तुझ्या लक्षात आलं. तू पुस्तक तिच्यापुढे सुलट धरलंस तर ती अडखळली, आणि तिने ते हळूच फिरवून उलटं केलं.

त्या दिवशी तू हसलीस ते कौतुकाने. तिला जवळ घेऊन विचारलंस तेव्हा उलगडा झाला. तिचा थोरला भाऊ शाळेत होता तेव्हा सूत गुंडाळायच्या रहाटाच्या एका बाजूला बसून मोठ्याने धडा वाचायचा, आणि ही दुसऱ्या बाजूला बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. हात सुतात गुंतलेले, डोळे मोकळे. अक्षरं तिने पाहिली ती पलीकडूनच. तरी तुझा विश्वास बसेना. तू घरून त्या सकाळचं वर्तमानपत्र आणलंस, आणि नगरपालिकेच्या पाण्याची बातमी तिने उलट्या बाजूने घडाघडा वाचली. ताजं वर्तमानपत्र कोण पाठ करून येतं, हे तुझेच शब्द. मी तिला सुलट वाचायची सवय लावायला निघाले, तर तू म्हणालीस की सुट्टी संपेपर्यंत राहू दे गं, किती गोड दिसतं. हे मी विसरलेले नाही.

तिची आई शिवबाई मिलच्या रीळ खात्यात जाते. थोरला परगावी गेला त्याचा पत्ता नाही, घरात कमावणारी ती एकटीच. तिने मुलीला शब्द दिला होता, की वर्गात बक्षीस मिळालं तर जूनपासून शाळेत घालीन, नाहीतर मागवाल्याकडे कांड्या भरायला बसायचं. हे तुला मी सांगितलं होतं. सगळ्यांत जास्त वाचनाच्या बक्षिसासाठी मायाक्काचं नाव आपण दोघींनी मिळून दिलं, आणि त्यात पक्षपात झाला नाही याची मी पुनःपुन्हा खात्री करून घेतली होती.

रविवारी शिवबाई सुट्टीच्या दिवसाची घरची कामं टाकून आली. धुतलेलं लुगडं नेसून अगदी मागे, दाराशी बसली. बक्षीस देण्याआधी मंडळाच्या अध्यक्षांनी, रावसाहेबांनी, गंमत म्हणून एक पुस्तक मायाक्कापुढे केलं. तिने ते घेतलं आणि फिरवून उलटं धरलं. झालं. पहिल्या रांगेपासून हशा सुरू झाला तो थेट पायरीपर्यंत गेला. त्या हशात पोरीची बोबडी वळली, तोंडातून अक्षर फुटेना. रावसाहेब म्हणाले, “पाठांतर दिसतंय. पुस्तक धरता येत नाही, आणि म्हणे सगळ्यांत जास्त वाचलं!” मी उभी राहिले. मी म्हटलं की ही खरोखर वाचते, पद्मजाताईंनी स्वतः पारखून पाहिलं आहे, त्यांना विचारा. रावसाहेब तुझ्याकडे वळले. तू समोरच्या तबकातल्या हारांकडे पाहत राहिलीस.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पद्मजा. तुला वेळ मिळाला होता. मग ते मला म्हणाले, “बसा बाई. विद्यार्थिनीचा कैवार घ्यावा, पण बेताने.” बक्षीस दुसऱ्या मुलाला गेलं. त्याचा यात दोष नाही, तोही चांगला वाचतो.

रावसाहेबांच्या पुतण्याचं स्थळ तुला आलं आहे आणि बोलणी पुढे गेली आहेत, हे मला कळलं ते तुझ्याकडून नाही. ज्या घरात जायचं तिथल्या मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडणं सोपं नसतं. मी तुझ्या जागी असते तर बोलले असते का, हे मी स्वतःला विचारलं. छातीवर हात ठेवून हो म्हणवत नाही. पण म्हणून राग कमी होत नाही. माझा राग रावसाहेबांवर थोडाच आहे. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक तुला होतं. दुसऱ्या दिवशी तू त्यांना घरी गाठून सांगू शकली असतीस, मला बोलावू शकली असतीस. तू आंबे पाठवलेस.

मी सोमवारी आणि परत बुधवारी शिवबाईकडे गेले. मायाक्का रहाटाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. मी पुस्तक नेलं होतं, ते तिने हातात घेतलं नाही. शिवबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, “सुट्टीभर मला फसवलं की हिनं. म्या दमून यायची, आन् ही मांडीवर पुस्तक घिऊन बोलत बसायची. मला काय कळतंय, वाचती का रचती?” मी शपथेवर सांगितलं. तर म्हणाली, “तुमी म्हनताय तर आसंलबी. पर तुमी आमच्यातल्याच की, बाई. वकिलाची लेक गप बसली, ती काय उगं?”

मी सातवीची फायनल पास झाले तेव्हा आमच्या अप्पांचाही विश्वास बसला नव्हता. घरात वाचणारी मी पहिली. मी वाचते की बनवते हे पारखणार कोण? तुझ्या वडिलांनी भर पेठेत अप्पांना थांबवून अभिनंदन केलं, तेव्हा ते घरी येऊन माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. तुझ्या घरी कुणाला असं विचारावं लागत नाही, म्हणून गप्प बसण्याने काय जातं हे तुला कळलं नसेल. आमच्या घरांत आम्ही वाचतो हे दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगावं लागतं, आणि तो माणूस गप्प राहिला तर आम्ही खोट्या ठरतो.

सोमवारी शाळा उघडते, आणि त्याच दिवशी मागवाला मायाक्काला कामावर घेणार आहे. आणखी कुणाला शिवबाईकडे नेता येईल याचा मी खूप विचार केला. शाळेतल्या मोठ्या बाईंचं नाव काढलं, त्यालाही ती नाही म्हणाली. म्हणून तुला लिहिते आहे. आज तुझ्याइतका राग मला कुणाचाच नाही, आणि तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकणार नाही. रविवारी तिला सुट्टी असते. तिच्या दारात ये आणि एवढंच सांग, की तुमची मुलगी वाचते, मी पाहिलं आहे, आणि त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. रावसाहेबांचं नाव घ्यायची गरज नाही. मला भेटायचीही नाही. मी त्या दिवशी गल्लीत थांबणार नाही, म्हणजे मी तुला पढवून आणलं असं तिला वाटायला नको.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
दाक्षायणी