सफाई मोहीम

सोमवार, ४ मे
आज ठरलं. मॅडमनी मीटिंगमध्ये सांगितलं, महिनाअखेर टीमला नवा प्रमुख मिळणार. उमेदवार दोनच. एक मी. दुसरी सबुरी. (खरं नाव वेगळं आहे, पण दर वाक्यात 'जरा थांबू या' म्हणणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?)

प्रमुख व्हायचं तर डोळ्यांत भरेल असं काम हवं. ते सापडलं आहे. आमची कंपनी वजनकाट्यांचे प्रोग्रॅम करते. मूळ कोड सी भाषेतला, वयाने माझ्या लग्नाहून मोठा. जागोजागी सेटिंगं: अमुक यंत्र असेल तर असं कर, तमुक असेल तर तसं. ती यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे मालकसुद्धा आता हयात नसतील. ही सगळी अडगळ शुक्रवारपर्यंत साफ. काळ्या दगडावरची रेघ.

मंगळवार, ५ मे
मोहिमेला नाव काय द्यावं यात दिवस गेला. 'सफाई मोहीम' ठरलं. सबुरी म्हणाली, नमनालाच घडाभर तेल. जळते आहे.

गुरुवार, ७ मे
पहिलं सेटिंग उडवलं. पद्धत सोपी आहे. ओळी काढायच्या, माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालवायचा. चालला, म्हणजे त्या ओळी मेलेल्याच होत्या. सबुरीचं म्हणणं, त्या ओळी जुन्या यंत्रांसाठी आहेत, तुझ्या लॅपटॉपवर त्या कधी चालतच नाहीत, मग काढल्या काय नि ठेवल्या काय, तुला कळणार कसं? मी हसलो. खुसपट काढायलाही अक्कल लागते.

शुक्रवार, ८ मे
काम पूर्ण झालं नाही. पण तत्त्व पूर्ण झालं, ते जास्त महत्त्वाचं. तत्त्व असं: दोन वर्षांत ज्याची कुणाला आठवण झाली नाही, ते काढून टाकायचं. मॅडमना मेल केला. जेवताना बायकोलाही समजावलं. तिने चक्क लक्ष देऊन ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

रविवार, १० मे
लक्ष का देत होती ते कळलं. सकाळीच म्हणाली, माळ्यावरचं तुमचं वायरींचं खोकं काढू या का, दोन वर्षांत आठवण झाली नाही. मी स्पष्ट सांगितलं, तत्त्व कोडसाठी आहे, घरासाठी नाही. त्या खोक्यात एकेक वायर हिऱ्यासारखी आहे. राहू दे, लागेल कधीतरी.
ती माळ्याकडे एकदा बघून चहा टाकायला गेली. पटलं असावं.

मंगळवार, १२ मे
मोहिमेचा विस्तार. ऑफिसच्या कपाटातल्या जाड जुन्या केबल फेकल्या. पूर्वी काट्यांमध्ये प्रोग्रॅम भरायला त्या लागायच्या, आता सगळं नेटवरून जातं. सबुरी म्हणाली, एक तरी ठेव. म्हटलं, घरी माझ्या खोक्यात आहे एक, काळजी नको. पुढे प्रमुख होणार तर हाताखालच्यांना धीर द्यायला शिकलं पाहिजे.

गुरुवार, १४ मे
शेवटचं सेटिंग. काही जुनी यंत्रं म्हणे आकडा उलट्या टोकाकडून वाचतात, म्हणून तो आधी फिरवून द्यावा लागतो. असली वाकड्या तोंडाची यंत्रं आज कोण वापरतं? सबुरी म्हणाली, पावाच्या कारखान्याला एक फोन करून विचार, तिथला काटा जुना आहे. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, त्याला असले प्रश्न विचारायचे? शोभतं का? सेटिंग उडवलं. लॅपटॉपवर झकास चाललं.

शुक्रवार, १५ मे
नवा प्रोग्रॅम सगळ्या गिऱ्हाइकांना गेला. मॅडमना कळवलं, आपण हलके झालो. नव्या शर्टाचं माप दिलं.

सोमवार, १८ मे
सकाळी पावाच्या कारखान्यातून मुकादमाचा फोन. चारशे ग्रॅमचा पाव काट्यावर छत्तीस किलो आठशे पासष्ट ग्रॅम भरतो आहे. मी म्हटलं, यीस्ट जास्त पडलं असेल. तो हसला नाही. काटा प्रत्येक पाव जादा वजनाचा म्हणून बाजूला फेकतो आहे, गाड्या रिकाम्या उभ्या आहेत आणि दवाखान्यांना नाश्त्याचा पाव गेलेला नाही.

सबुरीने आकडा फिरवणारं ते सेटिंग कोडमध्ये परत बसवलं, चहा निवायच्या आत. पण येणाऱ्या प्रोग्रॅमचा आकारही तो काटा आता उलटाच वाचतो, त्यामुळे नेटवरून काही घ्यायलाच तयार नाही. प्रोग्रॅम भरायला तीच जाड केबल हवी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शांतपणे म्हटलं, माझ्याकडे आहे. आयुष्यात असा क्षण एकदाच येतो.

रिक्षाने घरी. माळा स्वच्छ. खोकं नाही. बायको म्हणाली, शनिवारीच भंगारवाल्याला दिलं, तत्त्व तुमचंच. धावत भंगारवाल्याकडे गेलो. त्याने वायरी सोलून तांबं वेगळं केलं होतं. केबलचं नुसतं टोक मिळालं. तेच घेऊन ऑफिसात गेलो. दाखवायला काहीतरी हवं.

शुक्रवार, २२ मे
नवी केबल परदेशातून येते आहे. तोवर मी कारखान्यात, तराजू घेऊन, एकेक पाव हाताने तोलतो. मॅडमनीच पाठवलं. म्हणजे कठीण प्रसंगी विश्वास माझ्यावरच. मुकादम म्हणतो, हात जरा भरभर चालवा साहेब. साहेब म्हणतो, हे महत्त्वाचं.

शुक्रवार, २९ मे
केबल आली, काटा सुधारला. सबुरी प्रमुख झाली. ठीक आहे, अशा पदांत राजकारण फार.

नंतर मॅडमनी दोघांना बोलावलं. म्हणाल्या, खर्च कमी करायचा आहे, तेव्हा याचंच तत्त्व यालाच लावू या, गेल्या दोन वर्षांत याच्यावाचून काही अडलं असतं का? सबुरीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जीव टांगणीला लागला होता, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, राहू दे. लागेल कधीतरी.

नोकरी वाचली. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नाहीच लागलात तर माळा रिकामा आहे.